साडेसात की साडेआठ? ब्रेस हाइटचा आकडा कुठून आणायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ६२ इंची टेकडाउन (सुटे भाग होणारं) रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, ३५ पाउंड ओढीचं, डेक्रॉनची (पॉलिएस्टरची) दोरी, बाण थेट शेल्फवरून, म्हणजे ग्रिपवरच्या कपारीवरून सोडता. विकणाऱ्याने ब्रेस हाइट (दोरी चढवलेल्या धनुष्यात ग्रिपपासून दोरीपर्यंतचं अंतर) साडेसात इंच सांगितली, व्हिडिओतला माणूस साडेआठवर अडून बसलाय. इकडे तुमचं धनुष्य बाण सुटताना 'खण्ण' वाजतं आणि डाव्या मनगटात झिणझिण्या येतात. खरा आकडा कोणता, आणि नागपूरच्या उन्हाचा यात काही हात आहे का?

दोघांपैकी कोणीच खोटं बोललेलं नाही. ६२ इंची टेकडाउन रिकर्व्हला बनवणारे साधारण साडेसात ते सव्वाआठ इंचांची मुभा देतात. विकणाऱ्याने त्यातलं खालचं टोक सांगितलं. व्हिडिओवाल्याच्या हातात बहुधा ६६ किंवा ६८ इंची टार्गेट रिकर्व्ह असणार. ते साडेआठच्या आसपासच ठेवतात. लाँगबो असतं तर सहा ते साडेसातमध्ये काम भागलं असतं. कंपनीच्या कागदावर असते ती फक्त हद्द. त्या हद्दीत तुमचं धनुष्य नेमकं कुठे शांत होतं, हे तुमच्याच दोरीने आणि तुमच्याच बाणांनी, कान लावून शोधावं लागतं. ते सापडलं की आकडा लिहून ठेवायचा आणि रोज तोच राखायचा. माझ्या मते हे राखणंच जास्त महत्त्वाचं आहे. एखादं सूत चुकलेली पण रोज तीच असणारी ब्रेस हाइट चालून जाते. सकाळी एक आणि दुपारी दुसरी असेल तर बाण वर-खाली का जातात हे शोधण्यात महिना जातो.

(सूत म्हणजे सुताराचंच सूत, इंचाचा आठवा भाग. पुढे हेच माप वापरतो, टेपवर बघायला सोपं पडतं.)

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. २०२३ मध्ये आपल्या नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला विश्वविजेता झाला, त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदकं घेऊन आला, तेव्हापासून शहरात धनुर्विद्येबद्दल विचारणारे खूप वाढलेत. चांगलंच आहे. पण ओजस खेळतो ते कंपाउंड. त्यात चाकं आणि केबल असतात, ब्रेस हाइट आराखड्यातच जवळजवळ ठरून येते, आणि दोरीला मनाला येईल तसा पीळ देत बसायचं नसतं. म्हणून कंपाउंडवाल्या मित्राचा सल्ला बाकी सगळ्यात घ्या, यात नको.

आता मोजायचं कुठून? ग्रिपचा सगळ्यात खोल भाग, जिथे अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी बसते, तिथून दोरीपर्यंत, दोरीला काटकोनात. काही जण शेल्फवरून मोजतात, काही बर्गर बटणाच्या (बाणाला बाजूने टेकू देणाऱ्या खुंटीच्या) भोकापासून. त्यामुळे दोघांचं माप प्रत्यक्षात एकच असून आकडे वेगळे येतात, आणि ऑनलाइन भांडणं होतात. तुम्ही कुठूनही मोजा, पण जागा बदलू नका. कंपनीच्या हद्दीशी ताडून बघताना मात्र ग्रिपच्या खोल भागापासूनच मोजा. धनुष्याची टी-स्क्वेअर पट्टी दोरीवर अडकते, तिने काम सोपं होतं. ती नसेल तर सुताराचा गुण्या किंवा मुलांच्या कंपासपेटीतला गुण्या आणि एक स्टीलची पट्टी पुरते. इंग्लंडमधले जुने लाँगबोवाले मूठ वळून अंगठा ताठ उभा करत आणि ते माप लावत. घाईत तपासायला ठीक आहे, पण सुताचा फरक अंगठ्याने कळत नाही.

ब्रेस हाइट बदलली की होतं काय, हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. दोरी ग्रिपच्या जितकी जवळ, तितका वेळ बाण दोरीवर राहतो. जास्त अंतर ढकलला जातो म्हणून वेग थोडा जास्त मिळतो, पण तेवढा वेळ तुमच्या हाताची प्रत्येक चुळबुळही त्याला लागते. शिवाय दोरी मनगटाच्या जवळून जाते. दोरी दूर असेल तर बाण लवकर सुटा होतो, चुका थोड्या माफ होतात, हातही वाचतो. वेग किंचित कमी पडतो. १६व्या शतकातल्या इंग्रजी धनुर्धरांनीही हाच हिशोब लिहून ठेवला आहे: कमी वाक दिला तर बाण वेगाने आणि दूर जातो, जास्त वाक दिला तर बाकी सगळं सोपं होतं.

वेगाचा मोह किती धरायचा ते आकड्यात बघू. तुमची ओढ प्रमाणित मापाने २८ इंच असेल तर ग्रिपच्या खोल भागापासून ती सव्वासव्वीस इंच येते, कारण त्या मापात पावणेदोन इंच वरून धरलेले असतात. साडेसातच्या ब्रेस हाइटला दोरी पावणेएकोणीस इंच पळते, सव्वाआठला अठरा. म्हणजे पूर्ण हद्द इकडून तिकडे गेलात तरी फरक चार टक्क्यांचा. त्यातही जे पाऊण इंच गेलं ते ओढीच्या अगदी सुरुवातीचं, जिथे जोर सगळ्यात कमी असतो. ऊर्जा फार तर चार टक्के घटते, वेग त्याच्या निम्म्यानेच. सेकंदाला १६० फूट जाणारा बाण तीनेक फुटांनी मंदावेल. दहा-वीस मीटरवर तुम्हाला ते जाणवणारही नाही. झिणझिण्या मात्र नक्की जाणवतात.

आता कामाला लागू. एक स्ट्रिंगर (धनुष्य वाकवून दोरी चढवायचा दोर) हवा. पायात अडकवून धनुष्य वाकवण्याची पद्धत सोडा, त्यात लिंबाला, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्याला, मुरड बसते. धनुष्य उतरवा (दोरी ढिली करा), खालचा लूप, म्हणजे टोकाचा फास, काढा, आणि दोरीत आधीच ज्या दिशेने पीळ आहे त्याच दिशेने लूप फिरवा. उलटा फिरवलात तर पीळ सुटेल आणि मधलं सर्व्हिंग (दोरीवरचा दोऱ्याचा वेढा) सैल पडेल. पीळ चढला की दोरी आखूड होते, ब्रेस हाइट वाढते. उतरवला की कमी होते. दोरी अगदी थोडी आखूड झाली तरी ब्रेस हाइट त्याच्या कितीतरी जास्त वाढते, म्हणून एका वेळी तीन-चार पिळांपेक्षा जास्त देऊ नका. तुमची दोरी फ्लेमिश पद्धतीची असेल, म्हणजे लूपपाशी पदर एकमेकांत वळलेले दिसत असतील, तर पीळ उतरवताना जपा. तिच्यातला पीळ पूर्ण निघाला तर लूपच सुटतो, आणि तो धनुष्य ओढलेलं असताना सुटला तर लिंब गेले समजा.

सुरुवात साडेसातवरून करा. तुमचं धनुष्य सध्या कदाचित त्याच्याही खाली असेल. नव्या डेक्रॉन दोऱ्या ताणतात आणि बहुतेक जण पहिल्या दिवसानंतर मोजतच नाहीत. आठ-दहा मीटरवर, मागे नीट आडोसा असलेल्या बटसमोर (बाण अडवणाऱ्या गादीसमोर) उभे राहा. कॉलनीतल्या गच्चीवर हा उद्योग नको. पाच-सहा बाण सोडा, मोजा, लिहा. मग तीन-चार पीळ, परत चढवा, एकदोन बाण तसेच जाऊ द्या म्हणजे दोरी बसेल, मोजा, पुन्हा पाच-सहा बाण. असं करत सव्वाआठपर्यंत जा. त्याच्या वर नाही: वर गेलात तर दोरी लिंबाच्या टोकांवरच्या खाचेतून जास्त उचलली जाते आणि लिंबांवरचा कायमचा ताण वाढतो. खालच्या हद्दीच्याही खाली नको, रिकर्व्हवर दोरी लिंबावर आपटते आणि कधी खाचेतून निसटतेही.

कानाला काय ऐकायचंय? खाली असताना आवाज लांबतो, सुटल्यानंतरही दोरी वाजत राहते, तबल्यावर हात ठेवायला विसरल्यासारखा. पीळ चढत गेला की 'खण्ण'चं 'ठण' होतं, मग एका जागी 'ठप' असा आखूड, कोरडा आवाज येतो आणि हातातला धक्का एकदम विरतो. तिथे थांबू नका. आणखी एक टप्पा वर जा. आवाज पुन्हा तीक्ष्ण झाला तर मागची जागा बरोबर होती, परत या. दोन शांत जागा सापडल्या तर मी वरची घेतो. माझ्या ओळखीतले एक वयस्क गृहस्थ पोरांना एवढंच सांगतात, "आकडा काय पाहून राहिला बे, आवाज पाय ना." शिकवण्याची ही पद्धत मला पूर्ण पटत नाही, कारण आकडा लिहिला नाही तर दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून सुरू. पण क्रम त्यांचा बरोबर आहे, आधी आवाज आणि मग आकडा.

धनुष्य ज्याच्या हातात असतं त्याला आवाज वेगळा ऐकू येतो, शेजारच्याला वेगळा. मोबाइल दोन मीटरवर एकाच जागी ठेवून रेकॉर्डिंग केलं तर तुलना प्रामाणिक होते. कूलरच्या घरघराटात हे जमत नाही हे सांगायला नको, पहाटेच करा. लोकरीचे गोंडे दोरीला लावलेले असतील तर आत्ता काढा. ते आवाज दाबतात, म्हणजे तुम्ही जे ऐकायला बसलात तेच झाकतात. सगळं ठरल्यावर दोन्ही टोकांकडून दोरीच्या साधारण चौथ्या हिश्शावर परत बांधा. लिंबाच्या खाचेत, दोरी टेकते तिथे, पातळ फेल्टची पट्टी चिकटवली तरी बराच आवाज जातो.

प्रत्येक टप्प्यावर नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची खूण) तपासायचा. एकाच लूपकडून पीळ दिला की तो थोडा सरकतो. शेल्फवरून सोडणाऱ्यांनी काटकोनापेक्षा साधारण चार सूत वर ठेवून सुरुवात करावी. तो खाली राहिला तर बाणाची पिसं शेल्फवर घासतात आणि बाण मासळीसारखा वळवळत जातो. लोक मग तो दोषही ब्रेस हाइटवर टाकतात.

ब्रेस हाइटवर टाकले जाणारे असे बरेच दोष आहेत. तुमच्याबाबतीत मला पहिला संशय बाणाच्या वजनाचा आहे. तुम्ही बाण कोणते ते लिहिलं नाही, पण ३५ पाउंडाच्या धनुष्याला नवखी माणसं बऱ्याचदा हलके कार्बन बाण घेतात, आणि हलका बाण सगळी ऊर्जा घेऊन जात नाही. उरलेली हातात येते, तेच तुमच्या झिणझिण्या. पारंपरिक धनुष्याला पाउंडामागे आठ ते दहा ग्रेन वजन असावं. ३५ पाउंडाला २८० ते ३५० ग्रेन, म्हणजे साधारण १८ ते २२.७ ग्रॅम, टोकासकट पूर्ण बाणाचं. इतवारीत सराफ्यात कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या काट्यावर एक बाण ठेवून बघा, नाहीतर ऑनलाइन मिळणारा छोटा खिशातला काटा पुरतो. १८ च्या खाली आला तर आधी जड टोक लावा, मग पीळ द्या. टोक जड केलं की बाण थोडा मऊ वागतो (सुटताना जास्त वाकतो), हे लक्षात ठेवा.

बाणाच्या ताठपणावर ब्रेस हाइटचाही थोडा परिणाम होतो. ती वाढवली की बाण किंचित मऊ वागतो, कमी केली की किंचित ताठ. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा, पिसं न लावलेला मऊ बाण उजवीकडे लागतो, ताठ डावीकडे. हा उपाय शेवटचा हातभार लावायला आहे. मुळात स्पाइन (ताठपणा) चुकलेला बाण पिळाने सुधारत नाही. त्यासाठी लोक हद्दीबाहेर जातात आणि धनुष्याचं नुकसान करून घेतात.

दोरी हाताला लागत असेल तर आधी कोपर बघा. हात ताठ ताणून कोपराचा आतला भाग वर आलेला असेल तर नऊ इंचांवरही लागेल. कोपर बाहेरच्या बाजूला फिरवून धरा, आर्मगार्ड बांधा, मग ब्रेस हाइटचा विचार करा.

आता ऊन. हो, फरक पडतो, आणि आपल्याकडे जास्तच. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा दोरीवरचं मेण मऊ पडतं, आणि ताणाखाली असलेला डेक्रॉनचा धागा उष्णतेत अधिक लांबतो. धनुष्य चढवून उन्हात ठेवलं तर सकाळी आठ इंच असलेली ब्रेस हाइट अकरा वाजेपर्यंत खाली आलेली दिसू शकते. कमी ताणणाऱ्या डायनीमाच्या दोऱ्याही यातून पूर्ण सुटत नाहीत, त्याही उष्णतेत ताणाखाली हळूहळू लांबतात. लिंबांतला इपॉक्सी आणि काच-लाकूडही गरमीत थोडं मऊ होतं, त्यामुळे धनुष्य किंचित हलकं लागतं. यावर इलाज साधा आहे: चढवल्यावर दोन-चार बाण सोडून मोजा, मध्ये एकदा मोजा, गरज पडली तर दोन पीळ द्या. दर वेळी पट्टी काढण्याचा कंटाळा येतो म्हणून मी बांबूची एक चपटी कामटी नेमक्या मापाला कापून बाणांसोबत भात्यात ठेवतो. ग्रिपला टेकवली की दुसरं टोक दोरीला लागलं पाहिजे. फट दिसली तर दोरी आखूड झालीय, बसलीच नाही तर ढिली.

सावलीत बसा, धनुष्यही सावलीत ठेवा, आणि सराव संपला की उतरवा. गाडीत मात्र ठेवू नका. मानकापूरच्या संकुलाबाहेर दुपारी उभ्या केलेल्या बंद गाडीत आतलं तापमान ६०च्या पुढे सहज जातं. अशा भट्टीत लिंबाचे थर सुटतात. थर सुटलेलं धनुष्य ओढणं धोक्याचं आहे. ओढण्याआधी लिंबांच्या कडांवरून कापूस फिरवा, कुठे अडकला तर तिथे चीर आहे. आणि चीर असो-नसो, बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, 'आवाज कसा येतो बघू' म्हणून तर मुळीच नाही.

पावसाळ्यात काचेचे थर असलेल्या रिकर्व्हला फारसं काही होत नाही, दोरीला मेण लावत राहिलं की झालं. बांबूच्या धनुष्याचं वेगळं आहे. इंडियन राउंड या देशी स्पर्धाप्रकाराची बरीच मुलं त्यावरच शिकतात. ओल धरली की बांबू नरमतो आणि चढवून ठेवला तर वाकलेलाच राहतो. मग तीच दोरी, तेवढाच पीळ, पण जोर कमी. अशा धनुष्याला पीळ देत राहण्यात अर्थ नाही. उतरवून कोरड्या हवेशीर जागी आडवं ठेवावं, आणि त्याची ब्रेस हाइट ज्याने बनवलं त्यालाच विचारावी.

शेवटचं, दोरीची लांबी. वीस-तीस पीळ देऊनही तुम्ही साडेसातवर पोहोचत नसाल तर दोरीच लांब आहे. आणखी पिळत बसू नका. अति पिळलेली दोरी उतरवली की स्वतःभोवती वेटोळी घेते आणि चढवल्यावर रबरासारखी ताणते. उलट पंधरापेक्षा कमी पिळातच सव्वाआठ येत असेल तर दोरी आखूड आहे, लांब घ्या. पीळ फारच कमी राहिला तर पदर फाकतात. नवी मागवताना '६२ इंची रिकर्व्हसाठी, प्रत्यक्ष लांबी ५८ इंच, डेक्रॉन, १२ पदर' असं लिहून द्या. नुसतं '६२ इंची दोरी' म्हटलं तर काही विक्रेते धनुष्याची लांबी समजतात, काही दोरीची, आणि चार इंच जास्त असलेली दोरी तुमच्या काही कामाची नाही. फास्ट फ्लाइट प्रकारची (कमी ताणणारी) दोरी, बनवणाऱ्याने धनुष्याची टोकं मजबूत केल्याचं लिहिलं असेल तरच घ्या. आल्यावर नॉक (बाणाच्या मागची खाच) लावून बघा: बाण दोरीला लटकला पाहिजे, आणि दोरीला हलकी टिचकी मारली की पडला पाहिजे.

नवी दोरी पहिल्या शंभरेक बाणांत बसते, त्या काळात ब्रेस हाइट घसरत राहते. पितळी नॉकिंग पॉइंट तेव्हाच चेपू नका, शिवणाच्या दोऱ्याची तात्पुरती गाठ मारा. घसरणं थांबलं की वर सांगितलेलं सगळं एकदा करा, पीळ किती झाले ते मोजून लिहा आणि जुनी दोरी, ठीक असेल तर, मेण लावून भात्यात जादा म्हणून ठेवा.